चोरट्या आवाजाची बाजू

एखाद्या माणसाला चोर ठरवायचं तर निदान पंचनामा तरी करतात. आवाजाच्या बाबतीत आपल्याकडे तेवढीही तसदी कुणी घेत नाही. मुलगा गाण्याच्या क्लासात बसलेला असतो, सारेगम करत वर चढत असतो, तार षड्जाच्या आसपास त्याचा आवाज किंचित बारीक होतो, आणि पेटीमागून आरोळी येते, "चोरटा आवाज लावू नकोस!" संपला खटला. काय चोरलं, कुणाचं चोरलं, मुद्देमाल कुठे आहे, हे विचारायची सोय नाही. मुलगा बिचारा घाबरून छाती फुगवतो, मानेच्या शिरा ताणतो आणि तोच षड्ज असा काही लावतो की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून बसतात. मास्तर खूश. "हां! हा खरा आवाज. बेंबीच्या देठापासून!"

बेंबीच्या देठापासून माणूस ओरडतो, हे मला ठाऊक आहे. तिचा गाण्याशी संबंध कुणी जोडला ते ठाऊक नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो लवकर येईल. माणसाला खालचा भरदार आवाज जसा मिळालेला आहे तसाच वरचा बारीक आवाजही मिळालेला आहे. दोन्ही त्याच्याच मालकीचे. गाणं शिकवणाऱ्याने दोघांची नीट ओळख करून द्यावी, सोयरीक जुळवावी आणि संसाराला लावून मोकळं व्हावं. आपल्याकडचे बरेचसे मास्तर यातल्या एकाला घराबाहेर काढतात आणि उरलेल्याला दोघांचं काम करायला लावतात. मग तो एक दिवस बसतो. आवाज 'बसणे' हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही.

आता आमची रेडीच घ्या. रेडी म्हणजे वेंगुर्ले तालुक्याचं दक्षिणेकडचं टोक. पुढे तेरेखोल आणि मग गोवा. १९७६ साली खाणीच्या जागेत सापडलेल्या द्विभुज गणपतीला लोक लांबलांबून येतात, यशवंतगडावर चढतात, किनाऱ्यावर फोटो काढतात आणि जेवायच्या वेळेला शिरोडा गाठतात. आवाज ऐकायला म्हणून कुणी येत नाही. वास्तविक यावं. तिन्हीसांजेला माडाच्या भाटात उभी राहून एखादी म्हातारी वहाळावर गेलेल्या नातवाला कुकारो घालते. त्यातला "अरेऽ" छातीतून निघतो आणि "कूऽऽ" डोक्यावरून जातो. घशाला तोशीस नाही, आवाज थेट वहाळापलीकडे. आल्प्सच्या डोंगरातले गुराखी दोन आवाजांमधल्या अशाच उडीचं गाणं करतात आणि त्याला तिकीट लागतं. आमच्या म्हातारीला फक्त नातू मिळतो, तोही उशिरा.

तिला कुणी सांगितलं का, की बाई, तुझा "कूऽऽ" चोरटा आहे?

छातीचा आवाज आणि डोक्याचा आवाज ही नावं मुळात युरोपातल्या गवयांची, आणि तीही तशी फसवीच. आवाज दोन्ही वेळा एकाच ठिकाणी होतो, गळ्यातल्या स्वरयंत्रात. तिथे दोन स्वरतंतू असतात, पुरुषाचे जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे. खालचे सूर गाताना ते आखूड आणि जाड होतात आणि सगळ्या जाडीनिशी एकमेकांवर आपटतात. छातीवर हात ठेवला तर तिथे थरथर लागते, म्हणून छातीचा आवाज. वरचे सूर गाताना दुसरा स्नायू त्यांना ताणतो. ते लांब, पातळ होतात, नुसत्या कडा हलतात आणि थरथर टाळूत, कपाळात जाणवते. म्हणून डोक्याचा. एक स्नायू जाड करणारा, एक ताणणारा. पहिल्याने हळूहळू सैल व्हायचं आणि दुसऱ्याने हळूहळू घट्ट व्हायचं, एवढ्या देवघेवीचं नाव मिश्र आवाज. पहिला हटून बसला तर किंचाळी. त्याने एकदम सोडून दिलं तर फट्. आवाज फाटतो तो इथे.

हे सगळं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते कुणा डॉक्टरने नव्हे, एका गायनमास्तराने. मॅन्युएल गार्सिया त्याचं नाव. १८५४ साली त्याने दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. दुसऱ्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. हा गृहस्थ एकशे एक वर्षं जगला. आपल्या किती मास्तरांनी विद्यार्थ्याच्या घशात डोकावलंय? ते डोकावतात ते फीच्या पाकिटात. त्याच्याही आधी, १७२३ साली, तोसी नावाच्या इटालियन गवयाने लिहून ठेवलं की शिकवणाऱ्याने छातीचा आणि डोक्याचा आवाज असा जोडावा की सांधा कळता कामा नये, नाहीतर आवाजाची शोभा गेली. तीनशे वर्षं झाली. आमच्या क्लासापर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

पण इटलीपर्यंत जायचं कारण नाही. आमच्याकडे जत्रेला रात्रभर दशावतार होतो. एक बाकडं, एक पेटी, एक पखवाज, झांज आणि लिहिलेलं एक वाक्यही नाही. आड दशावतार आटपून आख्यान सुरू झालं की पहाटेपर्यंत द्रौपदी, दमयंती, तारामती ज्या कोणी येतात त्या सगळ्या पुरुष. दिवसा भातात आणि काजूत राबणारे, मिशा सफाचट केलेले. हे लोक पूर्वी पेट्रोमॅक्सच्या उजेडात, माइकशिवाय, माणसांच्या दाटीतून शेवटच्या म्हातारीपर्यंत शब्द पोचवत आले. बायकी चिरका आवाज काढून हे आठ तास जमत नाही. मर्दानी गर्जना करूनही जमत नाही, द्रौपदी पळून जाईल. जमतो तो मधला आवाज, ज्याच्या आत पुरुष आहे आणि बाहेर बाई आहे.

एका जत्रेत पहाटे देवळामागे चहा पिताना मी अशा एका जुन्या स्त्री-पार्टीला गाठलं. लुगडं अंगावर, दाढीचे खुंट वर आलेले, हातात बिडी. म्हटलं, "तात्यानु, रात्रभर गावन आवाज बसणा नाय कसो?" ते म्हणाले, "अरे झिला, बसतलो कसो? मी खालसून वयर ढकलतच नाय. वयरसून खाली येवचा. मांजराच्या पिलासारखो बारीक सूर धरूचो, आणि तो पडूक न देता हळूहळू खाली आणूचो. मगे तो आपणच जाड होता. खालसून जोर लावन वयर गेलास तर फाटतलो."

दोन वाक्यांत गार्सिया, तोसी आणि वर बिडी. मी ज्या क्लासाबद्दल वर बोललो तिथल्या भिंतीवर परीक्षांची प्रमाणपत्रं लावलेली आहेत. तात्यांच्या भिंतीवर काय लावलंय ते मी विचारलं नाही.

आता यातलं विनोदाचं सोडून देऊ, कारण एका ठिकाणी मला खरोखर संताप येतो. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांबतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. त्या वर्षा-दोन वर्षांत त्याच्या गळ्याचा भरवसा नसतो. प्रार्थनेत मध्येच चिरका होतो, वर्ग हसतो. मग बाई किंवा गुरुजी म्हणतात, "तू नुसतं तोंड हलव." किती जणांना हे वाक्य ऐकवलं गेलंय, विचारून बघा. आपल्या आसपासच्या चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांना विचारा, "तुम्ही गाता का हो?" दहातले सात म्हणतील, "छे! लहानपणी गायचो." त्यांचं लहानपण ज्या दिवशी संपलं ना, त्या दिवशी त्यांना नुसतं तोंड हलवायला सांगितलेलं असतं. पुढे ते आयुष्यभर आरतीलाही नुसतं तोंडच हलवतात.

नेमक्या याच वयात त्याला दोन आवाज नव्याने मिळालेले असतात. जुना पोरवयाचा वर शिल्लक आहे, नवा बाप्याचा खाली आलाय, आणि मध्ये पूल नाही. तो पूल बांधायला शिकवायचं ते याच वेळी. सवाई गंधर्वांचंच बघा. १८८६ सालचा जन्म. गळा फुटल्यावर त्यांचा आवाज पार हट्टी झाला, सहजासहजी लागेना. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या आवाजावर मेहनत करून घेतली, आणि पुढे हेच रामभाऊ कुंदगोळकर रंगभूमीवर स्त्री-भूमिका करून गाजले आणि भीमसेन जोशींचे गुरू झाले. त्यांना कुणी "तोंड हलव" म्हणून घरी पाठवलं असतं, तर पुण्यातला डिसेंबर महिना किती स्वस्तात गेला असता.

मुलींवरचा अन्याय उलट्या बाजूचा. मुलगा बारीक गायला तर चोर, मुलगी भरदार गायली तर पुरुषी. लताबाईंच्या आवाजाने सगळ्या देशाचे कान घडवले, त्यात लताबाईंचा काही दोष नाही. दोष आहे तो शेजारच्या वहिनींचा, ज्या आपल्या मुलीच्या छान गोल आवाजाला चिमट्यात धरून पातळ करायला बघतात. गंगूबाई हनगलांच्या जुन्या तबकड्यांत आवाज पातळ आहे. पुढे घशाच्या दुखण्यात तो खाली उतरला, आणि जगाने ज्या गंगूबाईंना ओळखलं त्या त्याच खालच्या आवाजाच्या. ढोबळमानाने, काळी चारला गाणाऱ्या बाईचा सांधा मध्य सप्तकातल्या धैवताच्या जवळपास येतो, म्हणजे चिजेच्या ऐन मध्यात. तिथे खालचा आवाज सोडूनच दिला तर अस्ताई एका बाईची आणि अंतरा तिच्या धाकट्या बहिणीचा असं गाणं होतं.

"पण केसरबाई?" असा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. केसरबाई केरकर. (आमच्या काही मंडळींना त्या खाडीपलीकडच्या केरीच्या वाटतात. त्यांचं केरी फोंड्याकडचं, पण अभिमान बाळगायला आमची हरकत नाही.) मंद्रापासून तारापर्यंत एकाच रुंदीचा आकार. १९७७ साली व्हॉयेजर यानातून त्यांची भैरवी अंतराळात गेली. यांनी कुठे बारीक आवाज लावला? उत्तर सोपं आहे. एकाच रुंदीचा ऐकू येणं आणि एकाच जाडीने गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर जाताना तंतू पातळ व्हावेच लागतात, त्याला घराणं आडवं येत नाही. त्यांनी सांधा इतका घासून गुळगुळीत केला होता की तो कुणाला दिसलाच नाही, आणि ज्याला दिसला नाही त्याने ठरवलं की सांधा नसतोच. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ. त्यांचा आवाज ऐन उमेदीत अतोनात गाऊन बसला, आणि पुढे त्यांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली, असं सांगतात. म्हणजे एका थोर घराण्याच्या मुळाशी बसलेला आवाज आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐका. हा टोकदार, तरंगणारा आवाज छाती बडवून येतो होय? कुमार गंधर्व क्षयाच्या आजारानंतर गायला लागले तेव्हा वरचा सूर असा अलगद सोडून द्यायचे की तो त्यांनी लावला की तो तिथे होताच, असं वाटावं. आणि ज्या क्लासात "चोरटा आवाज" म्हणून ओरडतात त्याच क्लासात या सगळ्यांचे फोटो हार घालून लावलेले असतात. उदबत्ती वेगळी.

आपल्याकडे या विषयाचा विचार झालाच नाही असंही नाही. कुमारांचे गुरू प्रोफेसर बी. आर. देवधर यांनी आवाजाच्या साधनेचं शास्त्र मराठीत पुस्तक लिहून मांडलं. डॉ. अशोक रानडे यांनी तर आवाज जोपासण्याच्या कामाला आयुष्यातली बरीच वर्षं दिली. पण पुस्तक विकत घ्यावं लागतं आणि "आमच्या गुरुजींनी असंच शिकवलं" हे फुकट मिळतं.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला तितकेच नकोत. हे माइकवाले. यांचा सगळाच आवाज डोक्यावरून जातो, ऐकणाऱ्याच्याही. खर्जात अंग नाही, शब्दात हाड नाही, नुसती साखर आणि श्वास. माइक बंद पडला की गवई तोंड उघडझाप करणाऱ्या पापलेटासारखा दिसतो. मी बारीक आवाजाची वकिली करतोय ती याच्यासाठी नव्हे. सोलकढीत नारळाचा रस आणि आमसुलाचं आगळ दोन्ही लागतं. नुसता रस पांचट, नुसतं आगळ दात आंबवणारं. आणि ओतण्याची घाई केली तर फुटतं. नीट जमलेल्या सोलकढीत रस कुठे संपला आणि आगळ कुठे सुरू झालं, हे कुणी बोट ठेवून दाखवावं.

जमवायचं कसं, हेही काही गुपित नाही. लहान पोरं लॉरी-लॉरी खेळताना ओठांनी "फुर्रर्र" करत चढ चढतात. तोच फुर्रर्र सुरात करायचा, खालपासून वरपर्यंत आणि परत. ओठ थांबले की समजावं, जोर जास्त झाला. शहाळं पिऊन झालं की नळी टाकून द्यायची नाही, तिच्यातून गुणगुणायचं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ हाच व्यायाम देतात. 'ऊ' धरून वरून खाली उतरायचं, तात्यांच्या मांजराच्या पिलासारखं. खाली आल्यावर 'आ' उघडायचा. सांध्याजवळचा एकच सूर अगदी हळू लावून फुगवायचा आणि परत बारीक करायचा. खटका लागला तर लागू दे, लाजायचं नाही. आणि हे सगळं हळू आवाजात, शेजाऱ्यांना कळणार नाही इतपत. महिने लागतात. आपल्याला महिने नको असतात, आपल्याला चतुर्थीपर्यंत हवं असतं.

चतुर्थी म्हटली की भजनाच्या डबलबाऱ्या. दोन बुवा समोरासमोर, एकाने टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं. हा प्रकार मला मनापासून आवडतो, तास न् तास बसून मी बाऱ्या ऐकल्यात. पण पट्टी कोणती? तर जी दाबल्यावर समोरच्या बुवाच्या कपाळाला आठी पडेल ती. पुरुषाचा सांधा साधारण एका ठराविक उंचीला असतो. काळी एकला गायला बसलात तर तो तार गंधाराच्या आसपास येतो, तिथे फारसं जावं लागत नाही. काळी तीनला बसलात तर तोच सांधा तार षड्जाच्या उंबरठ्यावर येतो, आणि बारी रंगते ती नेमकी तिथेच. बुवा तिथे तासभर मुक्काम ठोकतात, छातीचा आवाज खांद्यावर घेऊन. मागचे कोरस करणारे पंधरा-सोळा वर्षांचे पोरगे त्यांच्याबरोबर किंचाळतात. गणपती विसर्जन होईपर्यंत अर्ध्या वाडीचे आवाज गेलेले असतात. त्यातले काही परत येत नाहीत. माझ्याच नात्यातला एक मुलगा, सोन्यासारखा गळा, गेल्या वर्षी डॉक्टरकडे न्यावा लागला. स्वरतंतूंवर गाठी. डॉक्टरांनी बोलायलासुद्धा बंदी केली. महिनाभर तो पाटीवर लिहून जेवण मागत होता.

त्यानंतर मी आमच्या बुवांकडे एक साधी मागणी केली. मोठ्यांची बारी हवी त्या पट्टीत करा, माझी काही हरकत नाही. पण घरोघरच्या भजनात पहिले दोन अभंग पोरांचे, आणि तेवढ्यापुरती पेटी काळी एकला. बुवा उसळ खात होते. घास तसाच ठेवून म्हणाले, "पट्टी खाली इली काय बारी गेली म्हणान समज."

मी म्हटलं, "बुवांनु, पोरग्यांचो आवाज गेलो तर पुढची बारी कोण करतलो?"

बुवांनी उसळीची वाटी पुढे ओढली आणि पाव मागितला. हा नकार की विचार, ते अजून कळलेलं नाही. येत्या चतुर्थीला पुन्हा विचारणार आहे. भजनाची पेटी आमच्या माजघरात असते, एवढं एक बरं आहे.